ताईच्या हळदीचे फोटो

हिंगोलीच्या ज्या स्टुडिओत मी फोटो दुरुस्त करायला शिकलो, तिथलं सॉफ्टवेअर विकत आणलेलं नव्हतं. कुणीतरी नांदेडहून ते एका सीडीवर उतरवून आणलं होतं. ती सीडी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून काउंटरमागच्या कपाटात ठेवलेली असायची. संगणक अडला की पाकीट निघायचं, सीडी शर्टाच्या कोपऱ्यानं पुसली जायची आणि अर्ध्या तासात सगळं पुन्हा सुरू व्हायचं. हे बरोबर नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा सॉफ्टवेअर ही पैसे देऊन घ्यायची वस्तू असते, हेच मला माहीत नव्हतं.

आम्ही त्याला 'मोठं' म्हणायचो. गावात कुणाला सांगितलं की मला 'मोठं' येतं, तर समोरचा जरा सरसावून बसायचा. त्यात अल्बमची तयार पानं होती: गुलाबाची, हंसाच्या जोडीची, ताजमहालाची. नवरा-नवरी उचलून त्यात ठेवली की झालं पान.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या पलीकडं. वडील मी चौथीत असताना गेले. घरात माय, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई आणि मी. ताईची शाळा सातवीनंतर सुटली. सुटली म्हणजे तिनंच सोडली, कारण मायबरोबर रोजानं जायला दुसरं माणूस लागत होतं आणि दोघांपैकी एकालाच शाळेत ठेवणं जमणार होतं. घरात हे कधी कुणी बोलून दाखवलं नाही. अकरावीला हिंगोलीच्या वसतिगृहात माझा नंबर लागला, तेव्हा माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ताई फाट्यापर्यंत आली होती. एसटी आली तेव्हा म्हणाली, "रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे, तिथं पोरं हसतील." आणि स्वतःच रडली. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेणारा मी पहिला. ती पदवी ताईच्या सातवीवर उभी आहे, हे एकदा लिहून ठेवायला मला बरं वाटतं.

स्टुडिओ एका वयस्कर चाचांचा होता. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी फोटो काढायला मी गेलो होतो. फोटोत माझ्या मानेमागं सावली आली होती ती त्यांनी माझ्यासमोर दोन मिनिटांत काढून टाकली. मी विचारलं, "चाचा, कसं केलं हे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पढता क्या?" म्हटलं, बी.एस्सी. "तो फिर बैठ इधर, ग्रॅज्युएट. माऊस पकडना आता?" त्या दिवसापासून दुपारचे तास संपले की मी तिथं जाऊ लागलो. पदवी मिळायला दोन वर्षं होती, पण त्यांच्या तोंडी माझं नाव तेव्हापासून 'ग्रॅज्युएट'च झालं.

चाचांनी अंधाऱ्या खोलीत फोटो धुतलेले होते, निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम केलेलं होतं. त्यांना संगणक उशिरा मिळाला, पण रंगाची नजर जुनीच होती. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती पांढऱ्या रंगाची.

"फोटो में पहले सफेद चीज ढूंढ. सफेद बराबर हुआ तो सब बराबर."

सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपरसारखं एक चिन्ह असायचं. ते फोटोतल्या एखाद्या पांढऱ्या वस्तूवर टेकवायचं. 'हे पांढरं आहे' एवढं आपण सांगितलं की बाकीचे सगळे रंग ते सॉफ्टवेअर त्या हिशेबानं जागेवर आणून ठेवायचं. ट्यूबलाइटची निळसर छटा असो की मांडवाच्या कापडाची लाली असो, सगळी जायची. आणि पांढऱ्याला आमच्याकडं तोटा नव्हता. लग्नाच्या कुठल्याही फोटोत कोपऱ्यात का होईना, एक टोपी असतेच. चाचा म्हणायचे, "टोपी अपना मीटर है. जिस दिन बुड्ढे टोपी पहनना छोड देंगे, उस दिन अपना धंदा बंद."

त्याच वर्षी कॉलेजातल्या संगणकाच्या सरांनी मला पेनड्राइव्हवर दुसरं एक सॉफ्टवेअर दिलं. ते फुकट होतं, खरोखरचं फुकट. कुणाचं चोरलेलं नव्हतं. सर म्हणाले, "यात मूळ फोटोला हात लागत नाही. तू जे बदल करशील ते वेगळे लिहून ठेवतं. उद्या नको वाटले तर पुसून टाक, फोटो होता तसा." मी चार दिवस ते चालवून पाहिलं. ते संथ होतं, त्यातली इंग्रजी नावं डोक्यावरून जायची, आणि त्यात एकही तयार पान नव्हतं. चाचांना दाखवलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इसमें गुलाब किधर है?" मूळ फोटो शाबूत राहतो म्हणजे काय मोठं, असं मला तेव्हा वाटलं. दुरुस्त केल्यावर जुना फोटो हवा कुणाला? मी 'मोठं'च धरलं.

पुढच्या वैशाखात ताईचं लग्न ठरलं. चाचांनी आपणहून सांगितलं की लग्नाचे फोटो ते स्वतः काढतील. वर म्हणाले, "हल्दी का तू निकाल. तेरी बहन है." कॅमेरा माझ्या हातात दिला, पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि दोनदा तपासला.

हळदीच्या दिवशी मांडवावर हिरवी जाळी टाकली होती, भाजीच्या रोपांवर टाकतात ती. दुपारचं ऊन तिच्यातून गाळून यायचं आणि सगळी माणसं हिरवट दिसायची. पण मी खूश होतो. थोरली काकू, शेजारची मावशी, मामी, भावकीतल्या बाया, सगळ्यांनी ताईला पाटावर बसवून हळदीनं माखलं. मग नेहमीप्रमाणं त्या एकमेकींना माखू लागल्या आणि शेवटी मामाच्या मागं लागल्या. मामा टोपी दोन्ही हातांनी धरून मांडवाभोवती पळत होता. टोपी वाचली, असं त्याला वाटलं. ताई एवढी हसली की तिला ठसका लागला. मी एकामागून एक फोटो काढत राहिलो.

दोन दिवसांनी लग्न झालं. निघायच्या आधी ताईनं मला बाजूला घेतलं. "नागपंचमीला येईन तवा आधी हळदीचे फोटो दाखव. लग्नातले मागून बघीन. लग्नात तं मला मुंडावळ्याशिवाय काही दिसलंच न्हाई. हळदीच्या दिवशी मी तुमची हुते." एवढं बोलून ती गाडीत बसली.

हिंगोलीला परत आल्यावर मी पहिलं काम तेच घेतलं. हिरवी छटा घालवायची होती. टोपी शोधली. मामाची सापडली, एकदम मधोमध. आजूबाजूला सगळं गर्द पिवळं, त्यात ती टोपी पांढरीशुभ्र दिसत होती. ड्रॉपर टेकवला. हिरवा रंग एका क्षणात गेला. माणसं स्वच्छ, उजळ झाली. चाचांनी शिकवलं होतं की एका फोटोला जमलं की तेच सगळ्या फोटोंना एकदम लावायचं. मी ते दोनशेच्या वर फोटोंना लावलं, जुन्या फोटोंवरच नवे साठवले आणि चहाला गेलो. दुसऱ्या दिवशी कळमनुरीच्या लग्नासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड हवं होतं म्हणून तेही पुसून दिलं.

दोन दिवस मी ते फोटो पाहून पाहून खूश होत होतो. आमच्या स्टुडिओत चांगला फोटो म्हणजे गोरा फोटो, आणि माझ्या फोटोत सगळे गोरे झाले होते. काकूसुद्धा.

तिसऱ्या दिवशी चाचा माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"क्यूं रे ग्रॅज्युएट, ये हल्दी का प्रोग्राम है ना?"

"हो चाचा."

"तो हल्दी किधर है?"

मी पडद्याकडं पाहिलं. ताई पाटावर बसली होती. तिच्या गालांना, हातांना राखेसारखं काहीतरी फासलेलं होतं. पाच बाया राखाडी बोटांनी तिला आणखी राख लावत होत्या. दोन दिवस मी हेच पाहत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

चाचांनी मामाची टोपी मोठी करून पाहिली आणि कपाळाला हात लावला. बायांनी टोपीलाही हळद लावली होती, पळता पळता पुसटशी. गर्द पिवळ्याच्या शेजारी ती फिकी हळद माझ्या डोळ्याला पांढरी वाटली. मी त्या टोपीवर बोट ठेवून सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की हळद म्हणजे पांढरा रंग. त्यानं माझं ऐकलं आणि अख्ख्या मांडवातली हळद काढून घेतली.

"असल फोटो?" चाचांनी विचारलं.

कार्डावर एव्हाना कळमनुरीचं वऱ्हाड बसलेलं होतं. गावात फोटो निघतील असे मोबाइल तेव्हा दोघातिघांकडं होते, त्यांपैकी त्या दिवशी मांडवात कुणी नव्हतं.

चाचा रागावले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "गलती मेरी भी है. मैंने टोपी बोला, धुली हुई टोपी नहीं बोला." मग जरा वेळानं, "अब बैठ और लगा हल्दी. दुल्हन को सब लगाते, भाई ने लगाई तो क्या हुआ."

पंचमीला दोन महिन्यांहून थोडे जास्त दिवस होते.

आधी मी सोपी वाट धरली. सगळ्या फोटोंमध्ये एकदम पिवळा रंग वाढवला. हळद आली, पण तिच्याबरोबर मामाचं धोतर, बायांचे दात, मांडवाबाहेरची पांढरी गाय, सगळं पिवळं झालं. मग एकेका फोटोत फक्त चेहरा, फक्त हात धरून रंग भरायला लागलो. 'मोठ्या'त ते येत होतं, पण माझा हात कच्चा होता. एक गाल रंगवायचा, साठवायचा, दुसऱ्या दिवशी पाहिलं की भडक वाटायचा, आणि आता मागं जायची सोय राहिलेली नसायची. आधीच बिघडलेले फोटो मी आणखी बिघडवत चाललो होतो.

मी कॉलेजच्या सरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ते मी दिलेलं आहे का अजून?"

सकाळी तास सुरू व्हायच्या आधी ते मला प्रयोगशाळा उघडून द्यायचे. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश शेजारी ठेवून त्या फुकटच्या सॉफ्टवेअरची मदतीची पानं वाचायला लागलो. एकेका शब्दाला दहा मिनिटं जायची. फोटोतला एवढाच भाग धरायचा आणि बाकीचा झाकून ठेवायचा हे कसं करतात, हे समजायला मला आठ दिवस लागले. पण कितीही चुकलं तरी खालचा फोटो तसाच राहत होता. चूक पुसता येते एवढ्या एका गोष्टीनं माझा हात मोकळा झाला. पूर्वी ज्या सोयीला मी हसलो होतो, तिच्यासाठी आता सरांचे आभार कसे मानावेत ते कळत नव्हतं.

हात जमला तरी एक अडचण राहिलीच. हळद कुणाला कुठं लागली होती, ते फोटोवरून आता कळत नव्हतं. सगळं राखाडी. मी तिथं हजर होतो, पण कॅमेऱ्याच्या मागं. सरांनी आपला लॅपटॉप मला आठ दिवसांसाठी दिला. म्हणाले, "ज्यांनी लावली त्यांनाच विचार."

आषाढात मी लॅपटॉप कापडी पिशवीत गुंडाळून गावी नेला. दोन दिवस पावसाची झड होती, रानात वाफसा नव्हता, त्यामुळं निंदणीला कुणी गेलेलं नव्हतं. काकू आणि शेजारची मावशी ओसरीवर आल्या. माय डाळ निवडत बाजूला बसली. मी पहिला फोटो उघडला.

"हे कोण पांढरफटक बसलंय रे?" काकू म्हणाली.

"ताई आहे, काकू."

"आगं माय! पोरीचं काय केलं ह्यानं? भूत करून ठेवलं!"

"पीठ फासल्यावानी दिसून राहिली," मावशी म्हणाली. "आन् ही तिच्या मागं कोण? ही तं मी!"

मी टोपीची गोष्ट सांगितली. काकूनं तोंडात पदर कोंबला तरी तिचं हसू थांबेना. "एवढं शिकून हळद अन् पांढरं कळंना व्हय रे तुला? तुझ्या मामाला सांगू का, तुझ्या टोपीनं हळद खाल्ली म्हणून?"

"काकू, ताईला सांगू नको. पंचमीपर्यंत नीट करतो."

"जीभ तोडली तरी सांगणार न्हाई," काकू म्हणाली.

मी ताईच्या गालावर माझा पिवळा भरून दाखवला. मावशीनं मान हलवली. "ही काय हळद हाय? ही तं बैलाच्या शिंगाला लावतेत तसली हाय." मी फिका केला. "आता कावीळ झाली."

माय उठली. आत जाऊन तिनं वाटीत हळद कालवली, पाणी आणि वर दोन थेंब तेल, आणि वाटी लॅपटॉपशेजारी ठेवली. "ही बघ. अन् लगेच बघ, वाळली की बदलती."

मग त्या तिघी मला शिकवायला लागल्या. ओली हळद वेगळी, वाळलेली वेगळी. तेलाची जरा तांबूस होते. सावळ्या अंगावर ती जास्त खुलते, गोऱ्या अंगावर नुसती डाग दिसते. पहिल्या फोटोंत हळद गर्द हवी आणि शेवटच्या फोटोंत फिकट, सुटून पडायला आलेली, कारण मधे तास-दीड तास गेला होता. हळदीच्या रानात जन्म गेलेल्या बाया होत्या त्या. बाजारात हळकुंड हातात घेतलं की मोडून आतला रंग बघून त्या दर सांगायच्या. चाचांचा कॅमेरा सोबत आणला होता, त्यानं मी वाटीचा फोटो काढला, तो लॅपटॉपवर घेतला आणि ड्रॉपर त्याच्यावर टेकवून खरा रंग उचलला. तो ताईच्या गालावर आला तेव्हा काकूनं पडद्याजवळ तोंड नेलं.

"हां. आता बसली पोरगी पाटावर," ती म्हणाली.

पुढं तीन दिवस तेच चाललं. लाइट गेली की थांबायचं, आली की पुन्हा. बाया आपापल्या हातांची हळद भांडून वसूल करत होत्या.

"माझा हात कोपरापोतोर भरला हुता. तिथपोतोर लाव."

"कोपरापोतोर कुठं? मनगटापोतोर! तू तं गाणे म्हणून राहिली हुतीस. काम केलं आमी."

"गाणं म्हणायला हात लागत न्हाईत. दोन्ही केलं मी. लाव रे तू, हिचं नको ऐकू. अन् बांगड्यांलाबी लाव."

असं करत करत एक फोटो आला. त्यात माय होती. बाकीच्या बाया ताईभोवती वाकलेल्या, आणि माय मांडवाच्या खांबाजवळ उभी, हातात ताट. ती ताट पुढं करत होती, पण हळद लावत नव्हती. आमच्याकडं हळद सवाष्णींनीच लावायची. वडील गेल्यापासून माय कुणाच्याच हळदीला पुढं झालेली नव्हती. आपल्या लेकीच्याही झाली नाही.

माझं बोट माऊसवर तसंच राहिलं.

"ही लांब हुती," काकू हळू आवाजात म्हणाली. "हिला न्हवती."

"जे न्हवतं ते नको लावू," माय डाळीतून मान वर न करता म्हणाली.

मी मायचे हात तसेच सोडले आणि पुढचा फोटो उघडला. मला वाटलं, मी बरोबर केलं. खरं तेवढंच ठेवलं.

हिंगोलीला येऊन मी राहिलेलं काम संपवलं. चाचांनी सगळे फोटो एकेक करून पाहिले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गुलाब नहीं है, मगर ठीक है." अल्बम छापायला नांदेडला पाठवायचा होता. त्यांनीच थांबवलं. "पहले बहन को दिखा. बाद में छाप."

पंचमीच्या आदल्या दिवशी ताई आली. मी पुन्हा लॅपटॉप मागून आणला होता. ती फाट्यावर उतरून घरी पोचेपर्यंत वाटेत हापशावर काकू भेटली होती. ताईनं दारातच पिशवी टेकवली.

"ऐकलं, तू मला भूत केलतं म्हणं?"

मी काकूच्या घराकडं पाहिलं. माय हसायला लागली.

ताई चहा प्यायलासुद्धा थांबली नाही. उंबऱ्यात बसून तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. मी शेजारी बसलो. मला माझ्या परीक्षांच्या निकालाची एवढी धास्ती कधी वाटली नव्हती. ती एकेक फोटो पाहत गेली. मामा पळताना पाहून खदखदली. काकूचा कोपरापर्यंत भरलेला हात पाहून म्हणाली, "एवढा कुठं हुता?" स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा तिनं पडद्यावरच्या गालावर बोट टेकवलं. "जमलं रे. बराबर हीच हुती."

मग तो फोटो आला. ती थांबली.

"मायचे हात असे काहून?"

"मायनं हळद लावली नव्हती ना, ताई."

"लावली न्हवती. पण हाताला न्हवती, कोण म्हणलं?"

मला कळेना.

"आरं, मांडव पडायच्या आदल्या दिवसापोतोर आमी दोघी हळदीचे गड्डे मोडायला जात हुतो. हंगामात हिचे हात कवा पांढरे असतेत? जेष्ठ निघून जातो तरी नखातली हळद निघत न्हाई. तू कवा बघितलं न्हाईस?"

गावात होतो तेव्हा रोज दिसत असतील, पण मी बघितलं नव्हतं. अकरावीपासून हळदीचा हंगाम म्हणजे माझ्या परीक्षांचे दिवस. मी दिवाळीला यायचो, उन्हाळ्याच्या शेवटी यायचो. हळद काढणं, उकडणं, वाळवणं, त्या सगळ्यातून येणारी मजुरी मला हिंगोलीत पोचायची, पण मायचे त्या दिवसांतले हात पोचत नसत. हळदीच्या दिवशी मी हजर होतो आणि माझं सगळं लक्ष ताईच्या गालांवर होतं.

"अन् माझेबी," ताई म्हणाली. "ह्या बायांनी लावायच्या आधीच माझे हात पिवळे हुते. हळदीवर हळद चढली माझ्या."

मी मायकडं वळलो. "माय, तू बोलली का नाहीस?"

"तू हळद लावलेली विचारत हुतास," माय म्हणाली. "कामाची कुठं विचारत हुतास? अन् राहू दे ना तसेच. धुतल्यावानी दिसून राहिलेत, बरं दिसतं."

"न्हाई," ताई म्हणाली. "कर."

तिथंच उंबऱ्यात बसून मी मायचे हात धरले. पडद्यावरचे. ताई शेजारून सांगत होती. मांडवातल्या हळदीसारखी गर्द नको. तळव्याच्या रेघांत जास्त. नखांच्या कडांना जवळजवळ तपकिरी. बोटांच्या पेरांना भेगा आहेत, तिथं खोल. मनगटाच्या वर काही नाही, कारण कामावर घालतात त्या शर्टाच्या बाह्या तिथवर असतात. तो एक फोटो करायला मला बाकीच्या पन्नास फोटोंएवढा वेळ लागला. मधे दोनदा मी उठून मायचे खरे हात पाहून आलो. श्रावण सुरू झाला होता तरी अंगठ्याच्या नखाशी एक बारीक पिवळी रेघ होती.

नंतर अल्बम छापून आला आणि ताई तो सासरी घेऊन गेली. स्टुडिओच्या संगणकावर चाचांनी मला सरांचं सॉफ्टवेअर बसवू दिलं. सीडीचं पाकीट कपाटातच राहिलं, पण फारसं निघालं नाही. चाचा आता नाहीत आणि त्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी शाळेत शिकवतो. माझे विद्यार्थी एका बोटानं फोनवर फोटो उजळतात आणि कुठलं ॲप चांगलं म्हणून मला विचारतात. मी त्यांना, मूळ फोटो ठेवतं ते घ्या, एवढंच सांगतो. त्यांना ते फार मोठं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीला ताई पुन्हा आली तेव्हा तिनं सासरची हकिगत सांगितली. अल्बम घरातल्या सगळ्या बायांनी पाहिला होता. तिच्या चुलत सासूनं त्या फोटोवर बोट ठेवून विचारलं होतं, "तुझ्या आईनंबी लावली व्हय हळद?" बाकीच्या बाया ऐकायला थांबल्या होत्या.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"व्हय म्हणलं."

"अगं, पण ताई, मायनं तर..."

"मायचे हात पिवळे हुते का न्हाई?"

"होते."

"मग?" असं म्हणून ताई आत गेली आणि मायनं तळायला घेतलेल्या करंज्या पुढं ओढून स्वतः तळायला बसली.